राहीबाईंची उपाशी पंगत

राहीबाईंना मी आजवर एकदाच ‘उपकार झाले तुमचे’ असं तोंडाने म्हटलं, आणि त्यांनी माझ्या ताटातली भाकरी उचलून परत टोपलीत टाकली. “आधी माणसासारखं बोला, मग जेवा,” म्हणाल्या. तेव्हापासून मी ते शब्द त्यांच्यासमोर काढत नाही. पण माझ्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कापून काढला. त्यात कॅन्सर होता. तो इतका लवकर सापडला, की उरलेल्या फुप्फुसावर मी आज खोलीपर्यंतचे तिन्ही मजले चढून जातो आणि वर पोचल्यावर शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडायलाही दम शिल्लक असतो. हे ज्या बाईंमुळे झालं त्यांच्याबद्दल कुठेतरी लिहायलाच हवं. त्या काही हे वाचणार नाहीत, म्हणून निर्धास्तपणे लिहितो.

माझं नाव उदयसिंह. वाशीच्या मसाला मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो, त्यामुळे नाव, गाव, बीकॉमची डिग्री सगळं बाजूला राहिलं आणि मार्केटभर मी ‘मेहताजी’ झालो. बायको उज्वला पाटण तालुक्यात गावी असते. तिच्यासोबत माझी आई, कऱ्हाडला शिकणारा मुलगा आणि दोन म्हशी. यांत सगळ्यात जास्त लाड म्हशींचे होतात. मी इथे कोपरखैरण्यात खोली घेऊन राहतो आणि दोन्ही वेळचं जेवायला राहीबाईंकडे जातो. वीस वर्षं तरी झाली असतील.

त्यांच्या खानावळीला पाटी नाही. माथाडी वसाहतीतलं एक बैठं घर, मागे पत्र्याची शेड काढलेली, शेडमध्ये शेगड्या आणि पुढच्या खोलीत पंगत. जेवायला बहुतेक सगळे मार्केटातले हमाल, साताऱ्याकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. राहीबाई बुटक्या, आवाज मात्र रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा, आणि राग कायम नाकावर. प्रेमाने बोलणं त्यांना जमतच नाही. कुणी भात कमी घेतला तर “का रं, बायकोनं फोनवर झाडलं का?” आणि कुणी जास्त घेतला तर “खा, खा, पोतं काय आपोआप उचलतंय व्हय.” दोन्हीकडून बोलणी ठरलेली. पण त्यांच्याकडून अर्धपोटी उठलेला माणूस मी पाहिलेला नाही.

या खानावळीचा एक नियम आहे आणि तो मोडलेला कुणाला आठवत नाही. आलेल्या प्रत्येकासमोर वाढलेलं ताट आल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही. कितीही भूक असो, एक जण जरी ताटाविना राहिला तरी सगळ्यांनी थांबायचं. हा नियम राहीबाईंचा नव्हे, हमालांच्या टोळीचा. हमाल कधी पोतं स्वतःच्या पाठीवर स्वतः घेत नाही, दोघं उचलून देतात तेव्हा तिसरा चालायला लागतो. टोळीचं काम एकदम सुरू होतं आणि एकदम थांबतं. जेवणही तसंच. राहीबाईंचे यजमान रंगराव याच टोळीत होते, त्यांनी तो नियम घरी आणला आणि ते गेल्यावरही तो तसाच राहिला.

रंगराव दारात उभे राहिले की उजेड अडायचा, असे आडवे होते. विडी त्यांच्या कानावर असायचीच, एक तोंडात आणि एक कानावर. एक दिवस पाठ दुखायला लागली. हमालाची पाठ दुखली तर कुणी नवल करतं का? तेल झालं, पट्टा झाला, गावच्या वैदूची मालिश झाली. खोकला नव्हता, आणि थोडा असता तरी कुणाच्या लक्षात आला नसता, कारण मिरचीच्या गल्लीत आम्ही सगळेच खोकतो. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, की दुखणं पाठीचं नव्हतंच. छातीत सुरू होऊन ते हाडांपर्यंत पोचलं होतं. त्यानंतर रंगराव फार दिवस राहिले नाहीत. राहीबाईंनी बाराव्यानंतर शेगड्या पेटवल्या आणि पहिल्याच दिवशी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. आम्ही निमूटपणे जेवलो.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाल्यावर प्रियदर्शिनी आमच्या मार्केटात आली. नेरुळकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली ती समाजसेविका. वडील लातूरकडून येऊन तळोज्याच्या कारखान्यात लागलेले, ही इथेच वाढलेली, बोलणं झटपट. हॉस्पिटलने एक योजना काढली होती. पन्नाशीच्या पुढचे आणि वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणारे जे कुणी असतील, त्यांच्या छातीचा कमी किरणांचा सीटी स्कॅन फुकट करायचा. काही होत नसेल तरी करायचा, किंबहुना काही होत नसतानाच करायचा.

तिने गाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत माइक लावला आणि काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं मोठं चित्र उभं केलं. हौसेराव, म्हणजे आमच्या टोळीतले सगळ्यात जुने आणि रंगरावांचे जोडीदार, ते चित्र बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे तर भरताचं वांगं हाय.” जो हशा पिकला, त्यात पोरीचं पुढचं भाषण वाहून गेलं. हसून झाल्यावर सगळ्यांनी विड्या पेटवल्या.

बिचारी तीन-चार वेळा आली. दर वेळी तिला नवी कारणं मिळाली. कुणी म्हणे, मला काय धाड भरलीय? कुणी म्हणे, मुकादमाला कळलं तर आजारी समजून टोळीतून काढेल. रावसाहेब म्हणून एक जण आहेत, ते म्हणाले, “दिसलं तर मरंस्तवर रडायचं, न्हाई दिसलं तर रविवार वाया गेला म्हनून रडायचं. त्यापरीस न बघितल्यालं बरं.” आणि मी? मी संध्याकाळी चहाच्या टपरीवर या सगळ्यांना अडाणी म्हणून झापत असे. लवकर निदान, वेळेवर उपचार, असं वर्तमानपत्रात वाचलेलं सगळं ऐकवत असे. हातात सिगारेट असे. पण ती सिगारेट, विडी नव्हे, आणि तीही फिल्टरची, त्यामुळे हे सगळं मला लागू आहे असं मला मनापासून वाटत नव्हतं.

शेवटी प्रियदर्शिनी खानावळीत आली. मार्केटात कुणी ऐकत नाही, निदान जेवताना तरी उठून जाणार नाहीत, असा तिचा हिशेब असावा. तिने तोंड उघडलं मात्र, राहीबाई शेडमधून पळी घेऊनच बाहेर आल्या.

“माज्या पंगतीत त्या रोगाचं नाव काढायचं न्हाई. ऊठ. बाहीर हो.”

पोरगी उठली. पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावायला लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, मी नळावर हात धूत होतो म्हणून मला दिसलं. एवढ्यात राहीबाई मागोमाग आल्या, त्यांच्या हातात भाकरी आणि वांग्याची भाजी. दारात आलेल्याला उपाशी पाठवणं त्यांच्याने होत नाही, मग त्याला नुकतंच हाकललेलं का असेना.

“खा,” म्हणाल्या आणि शेजारी टेकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “एक सांग. ज्याला कायबी होत न्हाई, खोकला न्हाई, ताप न्हाई, चांगला दोन मानसांचं काम करतोय, त्याचं बी त्यात दिसतं?”

“दिसतं मावशी. त्यासाठीच तर आहे ते. त्रास सुरू व्हायच्या आधी दिसलं ना, तर ऑपरेशन करता येतं. सगळेच वाचतात असं खोटं नाही सांगणार, पण खूप जण वाचतात.”

“आन् पाठ दुखाय लागल्यावर?”

प्रियदर्शिनीला रंगरावांची गोष्ट माहीत नव्हती. तिने सरळ उत्तर दिलं, “मग बहुतेक उशीर झालेला असतो.”

मी नळ चालूच ठेवला होता, हात कधीच धुऊन झाले होते. मग राहीबाईंनी तिला विचारलं, की रविवारी हे मशीन चालू असतं का, आणि माणसं किती आणली तर चालतील.

त्या शनिवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर राहीबाईंनी जाहीर केलं, की उद्या खानावळ बंद. आता, रविवार म्हणजे आमच्याकडे मटण. आठवडाभर पोती वाहून माणूस ज्यासाठी जगतो ते जेवण. एकदम गलका झाला.

“मटण हाय,” राहीबाई म्हणाल्या. “पर हितं न्हाई. नेरूळच्या दवाखान्यात. ज्याला खायाचं आसंल त्यानं सकाळी टेम्पोत बसायचं. आत जाऊन फोटू काडायचा, बाहीर यायचं, जेवायचं.”

हौसेरावांनी ताट पुढे सरकवलं. ते राहीबाईंशी कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. हळूच म्हणाले, “वैनी, आमाला तिथं नका न्हेऊ. तो डाक्टर विडीवरनं फाडून खातो. गेल्या खेपंला गुडघ्यासाठी गेलतो तर गुडघा ऱ्हायला बाजूला आन् आर्धा तास चार लोकांत माजी इज्जत काडली. म्हनला, स्वतःच्या हातानं करून घेतलंय, आता आलाय कशाला.”

मला वाटलं, हे खरं कारण आहे. धाड, मुकादम, वाया जाणारा रविवार ही सगळी वरची कारणं. या माणसांना मरणाची जेवढी भीती वाटत नाही तेवढी चार लोकांत लाज काढून घ्यायची वाटते.

राहीबाई म्हणाल्या, “शिव्या द्यायला मी हाय तेवढी पुरं. तिथं कुनी तोंड उघडलं तर मला हाक मारायची. मी बघते त्येला.”

आणि मग त्यांनी शेवटचा हुकूम सोडला. उद्या सकाळपासून कुणी तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, पाव नाही, बिस्किट नाही. तपासणी उपाशीपोटी असते.

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. प्रियदर्शिनीने फक्त वेळ सांगितली होती आणि गळ्यातल्या साखळ्या काढून या म्हणाली होती. पण राहीबाईंनी आयुष्यात जेवढ्या तपासण्या पाहिल्या, साखरेची, पोटाची, रंगरावांच्या सगळ्या, त्या उपाशीपोटी पाहिल्या. एवढं मोठं मशीन, त्याला तर उपास हवाच, असं त्यांनी धरून टाकलं. आम्हीही धरून टाकलं. माझ्यासारख्या शिकलेल्यालासुद्धा एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही. जिने आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही तीच उपाशी राहा म्हणते, म्हणजे तसंच असणार.

सकाळी मार्केटातला एक टेम्पो आला. मागे हमाल, मधे धडुत्यात गुंडाळलेली दोन मोठी पातेली, भाकऱ्यांची टोपली, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी राहीबाई, जणू वरातीला निघालेल्या. मीही होतो. मला स्कॅन करायचा नव्हता. मी आपला देखरेखीला. यांना कुठे सही करायची, कुठे बसायचं हे सांगणारं कुणीतरी हवं ना. आणि मटण होतं.

हॉस्पिटलच्या वॉचमनने टेम्पो अडवला. पातेली आत नेता येणार नाहीत म्हणाला. राहीबाईंनी त्याला नाव, गाव, जेवलास का, असं ओळीने विचारलं आणि एका भाकरीवर तह झाला. पार्किंगच्या कडेला झाडाखाली सतरंज्या पडल्या. झाकण किंचित सरकवलं तर असा काही वास सुटला, की ओपीडीच्या खिडकीतून दोन नर्सा डोकावल्या. सकाळपासून पाण्याच्या घोटावर असलेले आमचे लोक त्या पातेल्यांकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मी त्यांच्या बायकांकडे बघतानासुद्धा पाहिलेली नाही.

एकेक जण आत जायला लागला. हौसेराव सगळ्यात आधी गेले, कारण त्यांना लवकर सुटायचं होतं. बाहेर आले ते गोंधळलेले. “एवढंच? हात वर करून निजायचं, श्वास धर म्हनली, सोड म्हनली, झालं.” मग जरा थांबून म्हणाले, “विडीचं बी इचारलं. कवापास्नं, किती, सगळं. पर बोलली न्हाई कायबी. निस्तं इचारलं.” त्यांना याचंच जास्त नवल वाटत होतं. ते ऐकून मागे रेंगाळणारे दोघं-तिघं आपणहून उठले.

सगळे आटोपल्यावर पंगत बसली. राहीबाई वाढत आल्या, ताटं भरत आल्या, माझ्यापाशी आल्या आणि पुढे गेल्या. माझी जागा रिकामी.

“मावशी, मी?”

“तुमी आत गेला न्हाईसा, म्हेता.”

“मला कशाला? मी कुठे विडी ओढतो?”

“मंग त्या खिशात काय हाय? उदबत्ती?”

सगळे हसले. पन्नाशीच्या माणसाला, गाळ्याचा सगळा हिशेब ज्याच्या हातात त्याला, चार लोकांत हे ऐकावं लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, जेवा तुम्ही, मला काही नको, मी स्टेशनवर वडापाव खाईन. आणि वर्तमानपत्र उघडून बसलो.

जरा वेळाने लक्षात आलं, की कुणी जेवत नाही. हौसेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो त्यांनी परत ताटात ठेवला. सगळी ओळच्या ओळ ताटांवर हात न लावता बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मीही खानावळीचा, मीही आलेला, आणि माझ्यासमोर ताट नव्हतं. राहीबाई पातेल्याशेजारी जाऊन बसल्या आणि झाकणावर हात ठेवला. रश्श्यावरची वाफ कमी व्हायला लागली.

टोळीतला रणजीत स्कॅनच्या वयाचा नव्हता, पातेली उचलायला आलेला, दाराएवढा रुंद. तो म्हणाला, “मेहताजी, जाताय का उचलून न्हेऊ?” हमाल जेव्हा उचलून नेऊ म्हणतो तेव्हा ती धमकी नसते, तो वजनाचा अंदाज घेत असतो. मी उठलो.

एक गोष्ट मी बाहेर कुणाला सांगितली नाही, आता सांगतो. लवकर निदान, वेळेवर उपचार असं टपरीवर बोलणारा मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलेला होतो. माझ्या थोरल्या चुलत्यांना हाच रोग झाला होता, ते कसे गेले ते मी पाहिलं होतं, आणि त्यामुळेच गेली कितीएक वर्षं मी छातीचा साधा एक्स-रेसुद्धा टाळत होतो. मला माहिती होती म्हणून मी जात नव्हतो. बाहेरची माणसं भुकेली नसती तर मी त्या दिवशीही गेलो नसतो, आणि त्यानंतर कधीच गेलो नसतो.

मशीनवर मोनाली नावाची एक मुलगी होती. तिला म्हटलं, “जरा लवकर करा हो, बाहेर सगळे माझ्यासाठी उपाशी बसलेत.”

“उपाशी? का?”

“स्कॅनसाठी. आम्ही सगळेच सकाळपासून उपाशी आहोत.”

“अहो काका, ह्याला उपाशी नाही लागत. पोटभर जेवून आला असता तरी चाललं असतं. हात वर घ्या.”

बाहेर आलो, ताट आलं, पंगत सुरू झाली. दोन घास पोटात गेल्यावर माझ्यातला मेहता जागा झाला आणि मी ती बातमी भर पंगतीत फोडली. आधी कुणाला कळेना, मग असे हसले सगळे, की वॉचमन धावत आला. राहीबाई मात्र हातात पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“म्हंजी मी माज्या लेकरांना उगाच उपाशी ठिवलं?”

“आवो वैनी, उपाशीपोटी रस्सा लई ग्वाड लागला,” हौसेराव म्हणाले. “दर रविवारी ठिवा.” पण त्या हसल्या नाहीत. सगळ्यांना पुन्हा पुन्हा वाढलं आणि स्वतः काही न खाता पातेली आवरली. माझ्याशी तर पुढचे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. भाकरी ताटात पडायची ती वरून.

आठवड्याभरात फोन आले. बहुतेकांचं सगळं ठीक होतं. रावसाहेबांच्या छातीवर जुन्या टीबीचा व्रण निघाला, त्यांना काही महिन्यांनी परत बोलावलं. आणि मला प्रियदर्शिनीचा फोन आला, की काका, तुम्ही उद्याच या आणि घरच्या कुणाला सोबत आणा.

गाठ काळ्या मिरीपेक्षा मोठी आणि जायफळापेक्षा पुष्कळच लहान होती. माझ्या धंद्यात मापं अशीच समजतात. मग आणखी एक स्कॅन, मग सुईने काढलेला तुकडा, आणि मग ते नाव. उज्वलाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मी निघते,” आणि म्हशी शेजारणीवर सोपवून दुसऱ्या दिवशी हजर झाली. ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत मला रोज वाटायचं, की आता डॉक्टर सांगणार, पुढे गेलंय. सांगितलं नाही. सर्जन म्हणाले, नशीबवान आहात, जिथल्या तिथे होतं, सगळं निघालं, किमोही नको. त्यांना मी म्हटलं, नशीब नव्हे, त्या बाईचं नाव राहीबाई आहे.

हौसेराव आणि रणजीत ऑपरेशनच्या दिवशी रक्त द्यायला आले होते. टोळीने पाळ्या लावल्या, उज्वलाला एक मिनिट एकटं सोडलं नाही. मी हिशेब लिहिणारा माणूस, पण याची नोंद कुठल्या बाजूला करावी ते मला अजून कळलेलं नाही. प्रियदर्शिनी एकदा खाटेशी येऊन बसली. हॉस्पिटलला जाणून घ्यायचं होतं, की लोक तपासणीला नेमके कशाने येतात. डॉक्टरांनी सांगितल्याने, घरच्यांमुळे, जाहिरात बघून की भीतीने? तिने मला विचारलं, तुम्ही कशामुळे आलात?

“भुकेने,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग हसताहसता ती रडायलाच लागली, आणि टाके असल्यामुळे मला ना धड हसता येई ना रडता.

सिगारेट सुटली. हौसेरावांची विडी सुटलेली नाही, पण पुढच्या वर्षी ते आपणहून स्कॅनला गेले, आणि जाताना भाजी मार्केटातल्या टोळीचे चार जण घेऊन गेले. एकट्याने जायला त्यांना कसंसंच वाटलं असणार.

ऑपरेशननंतर घरी सोडल्यावर उज्वला मला खोलीवर निजवून एकटीच राहीबाईंकडे निघाली. मी हट्टाने मागून गेलो, भिंतीला धरत धरत. ती खण, नारळ, तांदूळ, सगळं ताटात मांडून घेऊन आली होती. राहीबाई शेडमध्ये भाकऱ्या थापत होत्या. उज्वला आधी पाया पडली आणि मग ओटी भरायला ओंजळ पुढे केली. राहीबाई पिठाच्या हातांनी मागे सरकल्या.

“अगं बाई, मला न्हाई भरत कुनी ओटी. ह्ये गेल्यापास्नं न्हाई. तुला ठावं न्हाई व्हय?”

“ठावं हाय,” उज्वला म्हणाली. “माजं कुकू ऱ्हायलं ते तुमच्यामुळं. तुमचीच भरनार. दुसऱ्या कुनाची भरू?”

“मी त्येंला उपाशी ठिवलं गं. माज्या चुकीनं.”

“त्या एका दिवसासाठीच आलेय मी.”

राहीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग हळू आवाजात, मी त्यांचा इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, “धडधाकट व्हते तवर ह्येंना मी एक दिस बी उपाशी ठिवलं न्हाई, बाई. रोज पोटभर घातलं. एक दिस ठिवलं आसतं तर.”

त्यांनी हात पुसले आणि उज्वलासमोर पदर पसरला.